संकल्पाला हातपाय कुठून येतात?

नाशिकच्या गंगापूर रोडवर विचारांना बरीच कामं लावलेली असतात. अशोकस्तंभापासून निघून केटीएचएम कॉलेज, आनंदवल्ली, सोमेश्वर करत धरणाकडे जाणारा हा रस्ता. इथल्या सोसायट्यांमध्ये संध्याकाळी कुणाशी दहा मिनिटं बोलत बसलात, तर विचारानं लग्न जमतं, अडकलेला फ्लॅट विकला जातो आणि वरच्या मजल्यावरच्यांच्या 'निगेटिव्ह व्हायब्रेशन्स'मुळे तुळस सुकते, एवढं तरी कळतंच. सांगणारी माणसं शिकलेली असतात, बरेचदा इंजिनिअर असतात.

यामागची कल्पना देखणी आहे. मनात पुरेशा जोरानं धरलेला विचार मनाबाहेर पडतो, त्याला रंग येतो, आकार येतो. आणि पुष्कळ माणसांनी मिळून तोच विचार धरला, तर त्याला स्वतःचा जीवही येतो. गूढविद्येच्या पंथांत पहिल्याला विचाररूप म्हणतात आणि दुसऱ्याला, म्हणजे समूहाच्या श्रद्धेवर पोसलेल्या त्या अदृश्य सत्तेला, 'एग्रेगोर'. आपल्याकडे करणी, दृष्ट, चकवा, मुंजा ही मंडळी याच आळीतली. 'भित्यापाठी ब्रह्मराक्षस' म्हणणाऱ्यांना ब्रह्मराक्षस आधी जन्मतो की भीती, हे पक्कं ठाऊक होतं. तरीही या विषयाभोवती जे समज साचले आहेत, ते एकेक करून तपासायला हवेत. काही दोन ओळींत संपतात, काहींना वेळ द्यावा लागतो.

गैरसमज: विचारांचे रंग आणि आकार हे आपल्या ऋषिमुनींचं ज्ञान, पाश्चात्त्यांना ते आत्ता कळतंय.

वस्तुस्थिती: राग लाल, भक्ती निळी, बुद्धी पिवळी, द्वेष काळा, प्रेम गुलाबी असा जो तक्ता आज ऑरा, म्हणजे माणसाभोवतीचं तेजोवलय, वाचणारे समोर ठेवतात, तो लंडनमध्ये तयार झाला. तो करणाऱ्यांपैकी एक नाव मराठी वाचकाला चांगलं परिचयाचं आहे. टिळकांनी एप्रिल 1916 मध्ये होमरूल लीग काढली, त्याच वर्षी सप्टेंबरात दुसरी लीग काढणाऱ्या आणि 1917 मध्ये काँग्रेसच्या अध्यक्ष झालेल्या अॅनी बेझंट. राजकारणातल्या बेझंटबाई शाळेच्या पुस्तकात भेटतात. त्यांचं दुसरं, थिऑसॉफी या गूढवादी पंथातलं आयुष्य आपण सहसा उघडत नाही. सहकारी चार्ल्स लेडबीटर यांच्याबरोबर त्यांनी 1905 मध्ये 'थॉट-फॉर्म्स' हे रंगीत चित्रांचं पुस्तक काढलं. त्याचा पाया असलेला लेख 1896 सालचा. पुस्तकाचे नियम तीन. विचाराच्या गुणावरून रंग ठरतो, प्रकारावरून आकार ठरतो आणि विचार जितका नेमका, तितकी त्याची कड रेखीव. या दोघांना जे 'दिसलं' ते चित्रकारांनी त्यांच्या सांगण्यावरून रंगवलं. चर्चमध्ये वाजणाऱ्या ऑर्गनच्या संगीतातून छपरावर उठलेले आकारही त्यात आहेत. मेंडेल्सोन, गुनो आणि वॅग्नर या तिघांच्या रचनांचे.

चित्रं सुंदर आहेत, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. अमूर्त चित्रकलेचा अग्रणी कँडिन्स्की याच्याकडे या पुस्तकाचं जर्मन भाषांतर होतं. चित्रकलेच्या इतिहासात पुस्तकाला जागा आहेच. निसर्गशास्त्रात मात्र नाही, आणि ते का नाही हे समजायला तो काळ बघावा लागतो. रोंटगेननं क्ष-किरण शोधले 1895 मध्ये. हाताच्या आतलं हाड न कापता दिसू लागलं, तेव्हा मनातला विचार का दिसू नये, असं अनेकांना वाटलं आणि त्यात वेडगळ काही नव्हतं. क्लाड्नीनं धातूच्या पत्र्यावर वाळू पसरून कडेला व्हायोलिनचा गज ओढला की वाळूची नक्षी होते, हे पुस्तकात दाखल्यासाठी घेतलं आहे. वाळूवर होतं ते सूक्ष्म द्रव्यावर, ईथरवर, का होणार नाही? अडचण एवढीच की मायकेल्सन आणि मोर्ली यांच्या 1887 च्या प्रयोगात ईथरचा मागमूस लागला नव्हता आणि 1905 मध्ये आइन्स्टाइननं त्याची गरजच संपवली.

मग ऋषिमुनींचं काय? पतंजलीच्या योगसूत्रांत, कैवल्यपादात, योग्यानं निर्माण केलेल्या चित्तांचा उल्लेख आहे. पाली सामञ्ञफल सुत्तात भिक्खू स्वतःच्या देहातून मनोमय काया काढतो, असं वर्णन आहे. पण ही दीर्घ साधनेअंती येणारी सिद्धी म्हणून सांगितली आहे. घरोघरच्या रागालोभाचा रंगतक्ता तिथं नाही. थिऑसॉफीचे संस्थापक मादाम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट फेब्रुवारी 1879 मध्ये मुंबईला उतरले, गिरगावात राहिले, त्याच ऑक्टोबरात त्यांनी 'द थिऑसॉफिस्ट' मासिक सुरू केलं आणि 1882 च्या अखेरीस बिऱ्हाड मद्रासजवळ अड्यारला हलवलं. या वर्षांत संस्कृत आणि पाली शब्द मोठ्या प्रमाणावर त्यांच्या लेखनात गेले. इथला कापूस मँचेस्टरला जाऊन रंगीत कापड होऊन परत यायचा, तसंच हे झालं. आपण ते अंगावर घेतलं आणि आजीच्या पेटीतलं समजलो.

गैरसमज: आता ऑराचा फोटो निघतो, म्हणजे विज्ञानानं सिद्ध झालं.

वस्तुस्थिती: प्रदर्शनात धातूच्या पट्टीवर हात ठेवायला सांगतात आणि क्षणात डोक्याभोवती जांभळं-हिरवं वलय असलेलं चित्र हातात येतं. ते यंत्र तळहाताच्या त्वचेतून जाणारा विजेचा अत्यल्प प्रवाह मोजतं आणि त्या आकड्याला ठरवून दिलेला रंग चेहऱ्याच्या चित्राभोवती भरतं. हाताला घाम आला की रंग बदलतो. 1939 पासून ओळखली जाणारी किर्लियन पद्धतही अशीच. उच्च दाबाची वीज सोडली की वस्तूच्या कडेची हवा चमकते, आणि ती किती चमकेल हे बरंचसं ओलाव्यावर ठरतं.

या विषयावरचा मला सर्वांत आवडणारा प्रयोग एका नऊ वर्षांच्या मुलीचा आहे. अमेरिकेतल्या एमिली रोझानं शाळेच्या विज्ञान प्रकल्पासाठी, हात न लावता रुग्णाचं ऊर्जाक्षेत्र जाणवतं असं म्हणणाऱ्या 21 उपचारकांना एका पुठ्ठ्याच्या आडोशापलीकडे बसवलं. भोकांतून त्यांनी दोन्ही हात पुढे करायचे. एमिली नाणं उडवून ठरवायची आणि त्यांच्या डाव्या किंवा उजव्या हातावर आपला हात थोडा वर धरायची. त्यांनी फक्त कोणत्या हाताजवळ ते सांगायचं. एकूण 280 वेळा विचारलं. उत्तरं बरोबर आली 44 टक्के. डोळे मिटून अंदाज केला असता तरी 50 च्या आसपास आली असती. त्यावरचा निबंध 1998 मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आला. एक पुठ्ठा, एक नाणं आणि एक वही. रेकीच्या वर्गाची फी भरण्याआधी हा खर्च कुणालाही परवडेल.

गैरसमज: तिबेटी लामा ध्यानानं माणूस उभा करतात, त्याला टुल्पा म्हणतात.

वस्तुस्थिती: ही गोष्ट एका बाईच्या पुस्तकातून जगभर गेली. अलेक्झांड्रा डेव्हिड-नील 1924 मध्ये भिकारणीच्या वेषात ल्हासाला पोहोचल्या, तेव्हा त्या पंचावन्न वर्षांच्या होत्या. बाईंच्या धाडसाबद्दल शंका नाही. 1929 च्या पुस्तकात त्यांनी लिहिलं की, आपण ध्यान करून एक ठेंगणा, गोलमटोल, हसरा भिक्षू निर्माण केला, पुढे तो हडकुळा आणि खुनशी झाला, आणि त्याला विरघळवायला सहा महिने लागले. तिबेटी बौद्ध परंपरेत ज्या शब्दावरून हा टुल्पा आला, तो बुद्ध-बोधिसत्त्वांच्या प्रकटीकरणांसाठी आहे. साधकाच्या हाताबाहेर गेलेल्या काल्पनिक सोबत्यासाठी तो तिथं वापरत नाहीत. नटाशा मिकल्स आणि जोसेफ लेकॉक या अभ्यासकांनी 2015 मध्ये या कल्पनेचा माग काढला, तेव्हा तिचा बराचसा भाग थिऑसॉफीकडून आलेला निघाला. डेव्हिड-नील स्वतः थिऑसॉफिकल सोसायटीच्या सभासद होत्या. हिमालयात सापडलेला हा भिक्षू निघाला होता त्याच लंडनच्या पुस्तकातून.

गैरसमज: टोरांटोत आठ जणांनी मिळून खोटं भूत रचलं आणि ते खरंच टेबल हलवू लागलं.

वस्तुस्थिती: 1972 मध्ये टोरांटोतल्या, गूढ घटनांवर संशोधन करणाऱ्या एका गटानं 'फिलिप' नावाचा सतराव्या शतकातला इंग्रज सरदार मुद्दाम कल्पनेनं रचला. त्याचा वाडा, बायको, जिप्सी प्रेयसी, आत्महत्या, सगळं लिहून काढलं. वर्षभर ध्यान केलं, काही घडलं नाही. मग जुन्या पद्धतीनं टेबलाभोवती बसून गाणी, गप्पा, थट्टा सुरू केली, आणि टेबलातून टकटक ऐकू येऊ लागली, टेबल खोलीत फिरू लागलं. फिलिप प्रश्नांची उत्तरं देई. गटाला जे ठाऊक असे, तेच त्यालाही ठाऊक असे.

हे वाचून मराठी माणसाला प्लँचेट आठवणार. पाटावर खडूनं काढलेली मुळाक्षरं, मध्ये उलटी वाटी, वाटीवर तिघाचौघांची बोटं, दिवा मंद. सुट्टीत एकदा तरी आजोबांना 'बोलावलेलं' असतंच. वाटी फिरते, हे खरं. 'मी ढकलली नाही' असं प्रत्येक जण म्हणतो, तेही खरं. मायकेल फॅराडे या शास्त्रज्ञानं 1853 मध्येच याचा निकाल लावला होता. त्यानं टेबल आणि हात यांच्यामध्ये पुठ्ठ्याचे थर ठेवले, मऊ चिकट लेपानं हलके जोडलेले. टेबल आपण होऊन सरकत असेल, तर खालचा थर आधी सरकेल. हात ढकलत असतील, तर वरचा. वरचाच सरकला. बसलेली माणसं सज्जन होती, त्यांचे स्नायू त्यांना न विचारता काम करत होते. हात सरकला की हलणारी काडी त्यांना दिसेल अशी लावल्यावर टेबल जागचं हललं नाही.

घरी करायचं असेल, तर डोळे बांधा आणि कुणालाही न सांगता पाट फिरवून ठेवा. आजोबा एकदम निरर्थक बोलू लागतात.

गैरसमज: लाखो लोक मानतात त्यात काहीतरी असणारच, श्रद्धेनंच देव जागृत होतो.

वस्तुस्थिती: 21 सप्टेंबर 1995. ज्यांना आठवतं त्यांना सांगायला नको. दिल्लीत पहाटे सुरू झालं आणि दुपारपर्यंत देशभर, पुढे परदेशांतल्या देवळांतही गणपती दूध पीत होते. चमचा सोंडेला टेकवला की दूध कमी व्हायचं, हे लोकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. ते खोटं बोलत नव्हते. शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळला, तेव्हा ते पृष्ठताणामुळे चमच्याच्या काठावरून ओढलं जाऊन मूर्तीच्या अंगावरून पातळ थरानं खाली उतरताना दिसलं. पांढऱ्या संगमरवरावर पांढरं दूध दिसत नाही, इतकंच. त्या दिवशी पृष्ठताण नव्यानं निर्माण झाला नव्हता. नवी होती ती नजर, आणि ती नेणारे टेलिफोन. ऑगस्ट 2006 मध्ये माहीमच्या खाडीचं पाणी 'गोड' झालं, तेव्हा लोकांनी ते बाटल्यांत भरून नेलं, लहान मुलांना पाजलं. पावसाळ्यात मिठी नदीचं पाणी खाडीत उतरतं, त्यामुळे खारटपणा कमी होतो. ती मिठी किती घाण आहे हे मुंबईकरांना एरवी पाठ असतं.

आता आपल्या रस्त्यावर येऊ. आनंदवल्लीला गोदावरीच्या काठी नवश्या गणपती आहे. पेशव्यांच्या घरातले राघोबादादा आणि त्यांच्या पत्नी आनंदीबाई यांच्याशी त्याचा संबंध सांगतात. पुत्रप्राप्तीसाठी नवस बोलला, तो फळला, म्हणून हा नवश्या. गावाचं नावही आनंदीबाईंवरून पडलं असं मानतात. जागा सुरेख आहे, नदी वळण घेते, सकाळी देवळात गेलं की बरं वाटतं. मला त्या बरं वाटण्याशी भांडायचं नाही. पण नवसाचा हिशेब करायचाच, तर पुढची पानंही उलटावी लागतात. राघोबादादांनी 1768 मध्ये भुस्कुट्यांच्या घरातला मुलगा, अमृतराव, दत्तक घेतला. पेशव्यांच्या घरात औरस मुलगा हयात असताना कुणी दत्तक घेत नाही. जो मुलगा पुढे जगला आणि गादीवर बसला, तो दुसरा बाजीराव, जन्मला जानेवारी 1775 मध्ये, धारला, राघोबा पुण्यातून परागंदा असताना. त्यानं पुढे राज्याचं काय केलं, हे सर्वांना माहीत आहे. नवस फळला म्हणताना आपण यातला नेमका कोणता क्षण उचलतो?

नवसाची गोम इथंच आहे. ज्यांचं काम झालं, ते पेढे घेऊन परत येतात. ज्यांचं झालं नाही, ते येत नाहीत, आणि त्यांची नोंद कोणत्याही देवळात ठेवलेली नसते. त्यामुळे सभामंडपात उभं राहून पाहिलं, तर प्रत्येक देव नवसाला पावणाराच दिसतो.

गैरसमज: आनंदीबाईनं 'ध' चा 'मा' केला.

वस्तुस्थिती: समूहाच्या मनानं घडवलेली आकृती बघायची असेल, तर टोरांटोला जायला नको. ती आनंदवल्लीची रहिवासी आहे.

30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्याचा खून केला. रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी करून नारायणरावाचे काका राघोबादादा यांना दोषी ठरवलं. इथवर इतिहास. 'धरावे' अशा हुकमात आनंदीबाईंनी अक्षर बदलून 'मारावे' केलं, ही त्यानंतरची कथा. तो फिरवलेला कागद आजवर कुणी पुढे ठेवलेला नाही. बाई महत्त्वाकांक्षी होत्या, लिहित्या-वाचत्या होत्या, राजकारणात नवऱ्याच्या मागे उभ्या होत्या. संशय घ्यायला कारणं होती, हे नाकारता येत नाही. संशय आणि पुरावा यांच्यामधलं अंतर मात्र पुढच्या पिढ्यांनी भरून काढलं. बखरींनी सांगितलं, नाटकांनी रंगवलं, शाळेतल्या गुरुजींनी फळ्यावर अक्षर बदलून दाखवलं, आणि अखेर तो वाक्प्रचार झाला. नवऱ्याचा दोष सिद्ध झाला होता. लक्षात राहिली बायको. हे काही योगायोगानं होत नाही.

राघोबा 1783 मध्ये कोपरगावी वारले. आनंदीबाईंना पुढे आनंदवल्लीला ठेवलं होतं, नजरकैदेतच, आणि 1794 मध्ये त्या तिथंच गेल्या. ज्या काठावर नवस फळल्याची कथा आहे, त्याच काठावर हा शेवट.

आता गूढवादी हिशेबानं बघा. अडीचशे वर्षं, लाखो मनं, एकच ठसठशीत प्रतिमा. एवढ्या खुराकावर एखादं विचाररूप चालतं-बोलतं व्हायला काय हरकत होती? शनिवारवाड्यात नारायणरावाचं 'काका, मला वाचवा' ऐकू येतं, असं सांगणारे आहेत. तो वाडा 1828 च्या आगीत जळाला आणि आज तिथं तट, दरवाजे आणि जोती तेवढी उरली आहेत, पण किंकाळी मराठी जाणणाऱ्यांनाच आणि गोष्ट आधी ऐकलेल्यांनाच ऐकू येते. आनंदवल्लीत तर तेवढंही नाही. विचारानं हवेत काही घडवलं नाही. त्यानं घडवली बोलण्याची सवय. पुढे शहाण्या, बोलक्या, कारभारात लक्ष घालणाऱ्या कितीतरी बायकांना 'आनंदीबाई' म्हणून गप्प बसवलं गेलं. एका प्रतिमेची ताकद ती हीच, आणि ती कमी नाही.

गैरसमज: पुरेशा लोकांनी एकत्र ध्यान केलं, तर शहरातली गुन्हेगारी उतरते.

वस्तुस्थिती: 1993 च्या उन्हाळ्यात वॉशिंग्टनमध्ये सुमारे 4000 जणांनी भावातीत ध्यान केलं. हिंसक गुन्हे 23 टक्के घटल्याचा दावा झाला. तुलना होती ती आयोजकांनीच गणितानं बांधलेल्या अंदाजाशी. त्या काळात त्या शहरातले खून घटले नव्हते. दावा करणाऱ्या भौतिकशास्त्रज्ञाला 1994 चं शांततेचं 'इग नोबेल' मिळालं. ते पारितोषिक थट्टेचं असतं. ध्यानानं ध्यान करणाऱ्याचं मन शांत होतं, त्यावर कुणाचा आक्षेप नाही.

गैरसमज: एकदा उभं राहिलेलं समूहरूप मोडता येत नाही, ते आपल्या निर्मात्यांनाच गिळतं.

वस्तुस्थिती: इथं पुन्हा बेझंटबाई आणि लेडबीटर. 1909 मध्ये अड्यारच्या समुद्रकिनाऱ्यावर लेडबीटर यांना एका किडकिडीत तेलुगू मुलाभोवती विलक्षण तेजोवलय दिसलं. हाच येणारा जगद्गुरू, असं ठरलं. त्याच्यासाठी 1911 मध्ये संघ निघाला, देशोदेशी सभासद झाले, देणग्या आल्या, जमिनी आल्या. हजारो माणसांच्या श्रद्धेची एवढी मोठी इमारत क्वचितच एखाद्या जिवंत मुलावर उभी राहिली असेल. 3 ऑगस्ट 1929 रोजी हॉलंडमध्ये ओमेन इथं, बेझंटबाई समोर बसलेल्या असताना, जिद्दू कृष्णमूर्तींनी तो संघ बरखास्त केला आणि मालमत्ता देणाऱ्यांना परत करायला लावली. विचाररूपानं उठून 'मी तो नव्हे' असं सांगितल्याचा माझ्या माहितीतला हा एकमेव प्रसंग. कुठलाही मंत्र लागला नाही. एक भाषण आणि प्रामाणिक हिशेब पुरला.

गैरसमज: विचारांना आकार नसतो, तर मग समूहाची समजूत निरुपद्रवी, हसून सोडून द्यावी.

वस्तुस्थिती: हा गैरसमज आपल्यासारख्या 'तसलं काही मानत नाही' म्हणणाऱ्यांचा आहे, आणि सर्वांत महागात पडलेला आहे.

नाशिकहून उत्तरेला गेलं की शेजारी धुळे जिल्हा. तिथं साक्री तालुक्यात राईनपाडा. 1 जुलै 2018, रविवार, बाजाराचा दिवस. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातून आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथं भिक्षेसाठी उतरले होते. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, ही अफवा त्याआधी कित्येक दिवस मोबाइलवरून घरोघर पोहोचली होती. जमावानं त्यांना धरलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि पाचही जणांना ठार मारलं. त्याच सुमारास आपल्याच जिल्ह्यात, मालेगावात, अशाच संशयावरून जमाव काही परक्या माणसांवर धावून गेला. त्यांच्यात लहान मूल होतं. पोलीस वेळेवर पोहोचले म्हणून ती माणसं वाचली.

ती टोळी कुणीही पाहिली नव्हती. तिला चेहरा नव्हता, नाव नव्हतं, गाव नव्हतं. ती निव्वळ विचाररूप होती, बेझंटबाईंच्या पुस्तकातल्यापेक्षा कितीतरी ठळक कडा असलेलं. त्या काळात देशभर फिरलेली, मोटारसायकलवरून मूल उचलून नेण्याची चित्रफीत मुळात कराचीतल्या एका संस्थेनं पालकांना सावध करण्यासाठी केलेली जाहिरात होती. मूल परत आणून सोडतात तो शेवटचा भाग कुणीतरी कापला होता. या भुताला जीव मिळाला तो असा. एकानं कापलं, हजारोंनी पुढे ढकललं, पन्नास-शंभरांनी काठ्या उचलल्या. ज्यांच्या परंपरेतल्या निवृत्तीनाथांची समाधी त्र्यंबकेश्वरला आहे आणि जिथं पौषात वारी भरते, त्याच नाथांचं नाव घेऊन हिंडणारी माणसं होती ती. झोळी, भगवे कपडे, अनोळखी बोली. कालपर्यंत ज्यांना पीठ घालत होतो, त्यांच्यावर नवी प्रतिमा नेमकी बसली.

त्याच जुलैत व्हॉट्सॅपनं भारतापुरती एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. विचार ईथरमधून जात असते, तर त्यांना अशी मर्यादा घालता आली नसती. ते बोटांतून जातात.

भानामतीचंही तेच. मराठवाड्यात घरावर दगड पडतात, दांडीवरचे कपडे पेटतात, अंगावर फुल्या उठतात. गावानं करणी म्हणावं, मग कुणी केली ते शोधावं, आणि बोट एकट्या-दुकट्या बाईकडे जावं. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी अशी जी प्रकरणं घरात बसून उकलली, त्यांत दगड टाकणारा हात घरातलाच निघत आला आहे. बहुधा ज्याचं घरात कुणी ऐकत नाही, त्याचा. सातपुड्यात बाईला डाकीण ठरवून मारहाण झाल्याच्या, गावाबाहेर काढल्याच्या तक्रारी होत आल्या आहेत. डाकीण नसते, हे सांगणं सोपं आहे. डाकीण ठरवलेली बाई असते, आणि तिच्या नावावर बरेचदा थोडी जमीनही असते.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात खून झाला. त्यानंतर चारच दिवसांत, त्यांनी अनेक वर्षं मागितलेल्या जादूटोणाविरोधी कायद्याचा अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळानं कायदा केला. या कायद्याला कुणाच्या श्रद्धेशी, नवसाशी, वारीशी घेणं-देणं नाही. करणी किंवा भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, अघोरी उपचार, चमत्काराच्या नावावर फसवणूक, कुणाला चेटकीण ठरवणं, या कृती गुन्हा आहेत. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आणि दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत. गुन्हा दखलपात्र आहे आणि अजामीनपात्रही. म्हणजे इतकी वर्षं हवेतल्या सत्तेवर ढकललेली जबाबदारी कायद्यानं माणसाच्या हातावर आणून ठेवली.

तेव्हा गंगापूर रोडवर, नाशकात किंवा आणखी कुठं, घरातल्या आजारपणामागे शेजारणीचे विचार आहेत असं कुणी पैसे घेऊन सांगत असेल, कुणा बाईकडे बोट दाखवत असेल, तर त्याच्याशी ईथरवर वाद घालू नका. चिठ्ठी, पावती, फोनमधला निरोप जपून ठेवा आणि जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार द्या. या कायद्याखालचा दक्षता अधिकारी पोलीस निरीक्षक दर्जाचा असतो. त्यालाच भेटायचं आहे असं सांगा. आणि मुलं पळवणाऱ्यांचा निरोप तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला, तर पुढे पाठवू नका, तिथंच विचारा की हे पाहिलं कुणी.